तबकडीतला ‘जी’

माझ्या बोलण्यातलं निम्मं कापून ऐकायचं, असा परभणीत अलिखित कायदाच आहे. मी पाऊस म्हणालो तर लोक भुरभुर समजतात, आणि भुरभुर म्हणालो तर छत्री घरीच ठेवतात. माझी हरकत नाही. पण आमच्या कंपाउंडरसाहेबांबद्दल सांगताना पंचाईत होते. तो माणूस मुळातच इतका वाढवून घडवलेला होता, की त्यात मी आणखी काय घालणार?

आम्ही दोघं ढोराच्या दवाखान्यात. ते कंपाउंडर, मी ड्रेसर. म्हणजे ते औषध पाजणार आणि मी जखमा बांधणार. डॉक्टरचं पद मंजूर होतं, खुर्चीही होती. साहेब बांबूसारखे उंच, आणि कान असे की वारं सुटलं तर सायकल आपोआप वळावी. म्हशीच्या पोटाला नुसता कान लावायचे आणि परवा तिनं काय खाल्लं ते सांगायचे. मी हॉटेलात ‘तेरवा’ सांगतो. ते कापा.

आणि भित्रे! विजेला भ्यायचे, रेल्वेच्या फाटकाला भ्यायचे, बैलाला तर भ्यायचेच, म्हणून सुई टोचायची वेळ आली की पुढं मी असायचो. पण सगळ्यात मोठी भीती एकच. काही तरी फुटेल. कारण त्यांच्या घरात कणग्या होत्या, आणि कणग्यांत ज्वारी नव्हती, रिकार्डी होत्या. लाखेच्या, काळ्या, पडल्या की पापडासारख्या मोडणाऱ्या. कडुलिंबाचा पाला घालून उभ्या लावलेल्या. त्या घरात कोणी पाय आपटायचा नाही. शिंक आली तर अंगणात जाऊन शिंकायची. वहिनी वीस वर्षं मांजरीसारख्या चालल्या, आणि शेवटी शेवटी तर मांजरच त्यांना बघून दचकायची.

रिकार्डी जमवणारे पुष्कळ असतात. पण साहेबांची तऱ्हा न्यारी. ज्याचं नाव पानपट्टीवाल्याला माहीत, तो गवई त्यांच्या कणगीत नाही. त्यांना पाहिजे त्या विसरलेल्या पार्ट्या. कोणी चार भजनी, कोणी लग्नातले सनईवाले, कोणी कव्वाल, ज्यांनी जन्मात एकदा हैदराबादला किंवा मुंबईला जाऊन एक रिकार्ड भरली आणि परत येऊन औत धरलं. एकच रिकार्ड. दुसरी निघाली की साहेब म्हणायचे, “बिघडला माणूस.”

गावोगाव लसी टोचत फिरायचं काम. गाय बरी झाली की धनी हात जोडायचा, आणि साहेब विचारायचे, “ते ऱ्हाऊ द्या. घरात जुना, चावी देऊन वाजवायचा फोनू हाय का? फुटकी, तुटकी, कशीबी रिकार्ड?” लोकांना वाटायचं, ह्याला ढोराचं औषध चढलंय.

नव्या पार्ट्यांचाही नाद होताच. पुढं कॅसेटींचे दिवस आले तेव्हा चार कॉलेजवाल्या पोरांनी पार्टी काढली होती. एक गिटार, तिला तीन तारा, एक हलगी, एक पेटी, तिला दम्याचा विकार. पहिल्या कार्यक्रमाला प्रेक्षक तीन: मी, साहेब आणि लाऊडस्पीकरवाला, तोही वायर परत न्यायला थांबलेला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी. “ह्यायला कोणीच इचारणार न्हाई,” ते म्हणाले. “लय भारी!” दोन वर्षांनी त्याच पोरांना लग्नाच्या सुपाऱ्या मिळू लागल्या, तर साहेबांनी त्यांची कॅसेट मला देऊन टाकली. “नाव झालं त्यांचं. आता माझी गरज न्हाई.”

नाव. सगळी गोष्ट ह्या एका शब्दाची आहे.

जुन्या रिकार्डींत एक चाल होती. गाणं संपलं, वाद्यं थांबली, की गाणारा मोठ्यांदा आपलं नाव सांगायचा. माझं नाव अमुक, मुक्काम तमुक. लोक तेवढ्यात उठून सुई उचलायचे. गाणं झालं, आता काय राहिलं? साहेबांकडं मात्र सुई उचलायची नाही म्हणजे नाही. “गाणं काय, तबल्यावाला बी वाजवतो, पेटीवाला बी वाजवतो,” म्हणायचे. “नाव एकट्याचं असतं. ते अर्ध्यात तोडायचं म्हणजे माणसाच्या तोंडावर हात ठेवायचा.” एकदा रिकार्ड चालू असताना कणगीमागून साप निघाला. इतका भित्रा माणूस टेबलावर चढला, वहिनी माळवदावर, मी परभणीच्या बाहेर. पण नाव होईपर्यंत सुई उचलली नाही. सापही नाव ऐकूनच गेला असं मी सांगतो. ते कापा.

एक रिकार्ड त्यांना मिळाली ती एका मोठ्या वाड्यात, लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून. वरचा कागद तेलानं गेलेला, अक्षर एक दिसेना. साहेबांनी ती रिठ्याच्या पाण्यानं सात वेळा पुसली आणि लावली. खरखर, मग तुणतुणं, मग एक आवाज. कसा सांगू? ओल्या दोरानं पोहरा वर यावा तसा.

आडाच्या पान्यात आभाळ दिसं,
आभाळ कुनाच्या मालकीचं असं?

तीन मिनिटांचं गाणं. शेवटी त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, ‘जलसा पार्टी’ म्हणाला, आणि ‘जय भीम’ म्हणून थांबला. साहेबांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग म्हणाले, “कोण हाय हा? कुठं हाय?” तीन वर्षं त्यांनी त्या माणसाचा माग काढला. त्या गावात विचारलं तर लोक म्हणत, असा कोणी झाला नाही.

सापडली ती त्याची मुलगी, आणि तीही आपणहून. एक म्हातारी आपली शेळी घेऊन दवाखान्यात आली. पोखर्णीच्या पलीकडच्या वस्तीवरची. शेळीचं पोट फुगलेलं. मी नळी घालतोय, म्हातारी शेळीच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी गुणगुणतेय. साहेबांच्या हातून औषधाची बाटली पडली. ज्याच्या घरात शिंकायची चोरी, त्याच्या हातून बाटली!

“मावशी,” साहेब म्हणाले, “हे गाणं कुठलं?”

“माझ्या बापाचं.”

“बाप कुठं हाय?”

“कुठं असणार? वर. मी परकरात होते तवाच गेला.” मग म्हातारी म्हणाली, “मुंबईला जाऊन फिरत्या थाळीत गाणं भरून आलता म्हणं. आमच्याकडं कुठला फोनू? गावात होता एकाकडं, पर आमाला त्या वाड्यात कोन घेतंय? मला गाणं ध्यानात हाय, डाक्टर. आवाज इसरले.”

साहेब बाटलीच्या काचा गोळा करू लागले. मीच सांगितलं, थाळी साहेबांकडं आहे.

म्हातारीनं शेळीच सोडली. “त्यात तो नाव सांगतो म्हणं. खरं का?”

“सांगतो.”

“‘जी’ लावून?”

आम्हाला कळेना. मग तिनं सांगितलं. गावात तिच्या बापाला सगळे ‘केऱ्या’ म्हणत. पोरसोरं केऱ्या म्हणत, कुत्र्याला हाक मारावी तसं. पण मुंबईहून आल्यावर बाप आईला म्हणाला होता, मशीनसमोर मी माझं नाव घेतलं, पूर्ण घेतलं, ‘जी’ लावून घेतलं, आता ते कोणाच्या बापाला काढता येणार नाही. म्हातारीला तेवढं एकदा ऐकायचं होतं. साहेबांनी शब्द दिला, येत्या पंधरवड्यात फोनू घेऊन वस्तीवर येतो.

आणि त्याच पंधरवड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला.

त्या दिवसांचं मी वाढवून सांगत नाही. गरजच पडत नाही. गाड्या बंद. दुकानं अर्ध्या फळीनं उघडी. फोटोला चौकटी करणाऱ्यानं बाबासाहेबांच्या तसबिरी भिंतीकडं तोंड करून ठेवल्या. तो कोणाला भ्याला होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी माळवदावर उभं राहिलं की लांब धूर दिसायचा, आणि कोणी कोणाला विचारायचं नाही की तो कुठल्या वस्तीचा. सडकेवर माणसं अडवायची आणि एकच प्रश्न करायची. नाव काय? नुसतं नाव नाही, पूर्ण. आडनाव ऐकायचं आणि मग ठरवायचं. परभणीतली कुत्रीसुद्धा त्या आठवड्यात विचारून भुंकत होती.

म्हातारीचा निरोप आला. पोरगा तिला घेऊन उद्या मुंबईला जाणार, वस्ती सोडणार, परत यायचं काही खरं नाही.

साहेबांनी दवाखान्यातच फोनू सायकलच्या कॅरेजला बांधायला घेतला. मी म्हणालो, “साहेब, माझं पोट दुखायलंय.”

“कधीपासून?”

“तुम्ही दोर हातात घेतला तेव्हापासून.”

“मला बी दुखायलंय,” ते म्हणाले. गाठ बसेना, दोर त्यांनी तिसऱ्यांदा सोडून बांधला. “पर उद्या ती न्हाई. तिला आवाज ऐकू दे, मग दोघंबी मिळून औषध घेऊ.”

रिकार्ड त्यांनी दोन उशांच्या मधे घालून फोनूच्या पेटीत ठेवली. दोन सायकली, भर दुपार. पोखर्णीच्या अलीकडं, ओढ्यापाशी, सडकेवर बाभळ आडवी टाकलेली.

हॉटेलात सांगताना मी तीनशे माणसं सांगतो. तुम्हाला म्हणून तीस सांगावं असं मनात होतं. पण खरं म्हणजे अकरा होती. अकरा पुरतात. काठ्या होत्या, कुऱ्हाडी होत्या, एकाजवळ रॉकेलचा डबा होता, आणि तो त्या डब्यावर अगदी निवांत बसला होता, चूल पेटवायला निघाल्यासारखा.

“नाव?”

मी सांगितलं. साहेबांनी सांगितलं. आमची आडनावं त्या दिवशी त्या सडकेवर चालणारी होती. चालली. आजही ती लिहिताना मला बरं वाटत नाही, म्हणून लिहीत नाही.

“आरं, हे तर ढोराचे डाक्टर!” त्यांच्यातला मोठा, गळ्यात उपरणं असलेला, हसत पुढं आला. “माझा देवणी गोऱ्हा ह्यांनीच वाचिवला. डाक्टर, कुठं जायलाव आसल्या दिवसात?”

“पेशंट हाय,” साहेब म्हणाले. खोटंही नव्हतं.

“आन् पेटीत?”

“फोनू.”

हे ऐकून अकराच्या अकरा जण खुलले. सकाळपासून त्या बाभळीवर बसून कंटाळली होती माणसं. “वाजवा!” उपरणंवाला म्हणाला. “वाजवा की. आमीबी माणसंच हाव!”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. दुसरी रिकार्ड आणलीच नव्हती. मी म्हणालो, “सुई मोडलीय.” एकानं पेटी उघडून, सुईला बोट लावून दाखवलं. चांगली होती. चावी त्यानंच दिली.

गाणं सुरू झालं.

तुम्ही तीन मिनिटं कधी मोजलीत? मी मोजलीत. तबकडी फिरतेय, सुई आत आत सरकतेय, काठाकडून मधल्या कागदाकडं, आणि त्या कागदाजवळ चार रेघांत नाव बसलंय, गाव बसलंय, आणि जय भीम बसलंय. इकडं माणसं माना डोलावतायत. ‘आभाळ कुनाच्या मालकीचं’ आलं तर डब्यावरचा म्हणतो, “देवाचं! आनखी कुनाचं?” दुसरा म्हणतो, “गप रं, आयकू दे.” आवाज त्यांच्या काळजाला लागत होता, हे मला दिसत होतं. काठी खाली ठेवून एकानं डोळे मिटले. आणि मला वाटत होतं, आता गाऊ नको रे बाबा इतका चांगला. आता ह्यांना तू कोण हे ऐकावंसं वाटेल.

सुई दोन बोटं उरली. मग एक बोट.

साहेब फोनूसमोर उकिडवे बसलेले. हात मांडीवर. मी त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायला बघतोय, उचला, साहेब, उचला, आणि ते सुईकडं बघतायत. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला. पण हात मांडीवरून हलला नाही. तुणतुणं थांबलं. खरखर. मग तो आवाज, एकटा, छाती भरून:

“माझं नाव—”

कर्र्र! सुई आडवी फाडत गेली. गाणं बंद.

“आरं! नाव सांगत होता की!” उपरणंवाला म्हणाला. “कोन हाय हा?”

“पोखर्णीचं भजनी मंडळ,” मी म्हणालो. “लय जुनं. नरसिंहापुढं गायचे.”

“तरीच!” त्यानं मांडीवर थाप मारली. “आवाज वळखीचाच वाटला. आमचा चुलता होता त्यात!”

आणि मग त्यांनी आम्हाला चहा पाजला. शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरून आणून पाजला, गूळ घालून. कुऱ्हाडी बघितल्या तेव्हा भ्यालो नव्हतो इतका मी त्या चहाला भ्यालो. कप हातात, डबा समोर, आणि उपरणंवाला प्रेमानं विचारतोय, “गोड हाय ना?” बाभळ त्यांनीच बाजूला केली.

मैलभर गेल्यावर साहेब उतरले. लिंबाखाली बसून त्यांनी तबकडी उन्हात धरली आणि अंगठा फिरवला. गाण्याच्या शेवटी आडवा ओरखडा. ते मला रागावले नाहीत. उशा नीट केल्या आणि पुन्हा सायकलवर बसले. रागावले असते तर मी इतकी वर्षं वाचलो असतो.

वस्तीवर म्हातारीचं बोचकं बांधून तयार. अंगणात पेटी ठेवली. ती समोर बसली, पदर डोक्यावर घेऊन, जसं कोणी मोठं माणूस घरात आलंय. गाणं सुरू झालं आणि तिचे ओठ हलू लागले, पण आवाज काढला नाही तिनं. बापाच्या मधे बोलायचं नाही, असं. मी दाराकडं तोंड करून उभा. सडकेवर नजर, कोणी येतंय का. खरं म्हणजे तिच्याकडं बघायची छाती नव्हती.

तुणतुणं थांबलं.

“माझं नाव— माझं नाव— माझं नाव—”

सुई ओरखड्यात अडकली. पुढं जाईना. त्या आभाळाएवढ्या आवाजाचा माणूस तेवढंच म्हणत राहिला, परत, परत. साहेबांनी हळूच पुढं ढकलायला हात नेला, तर म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं.

“थांबा,” ती म्हणाली. “सांगत न्हाई तो. इचारायलाय.”

“माझं नाव— माझं नाव—”

आणि म्हातारीनं त्याला नाव सांगितलं. पूर्ण. ‘जी’ लावून. ज्या आठवड्यात माणसं स्वतःचं नाव गिळत होती, त्या आठवड्यात, उघड्या अंगणात, शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल असं. मी धावत जाऊन दार लोटलं. तिनं आणखी एकदा सांगितलं. चावी संपेपर्यंत बाप विचारत राहिला आणि लेक सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. परत भेटली नाही.

त्यानंतर साहेबांनी एक नवी रीत पाडली. कोणीही घरी आलं की ती रिकार्ड लावायची. अडकली की ऐकणाऱ्यानं गाणाऱ्याचं नाव सांगायचं, ‘जी’ लावून. सांगितल्याशिवाय चहा नाही. तहसीलच्या लोकांनी सांगितलं, त्या गिटारवाल्या पोरांनी सांगितलं, वहिनींनी तर रोजच. मी त्या वेळेला अंगणात शिंकायला जायचो. सोळा वर्षं शिंकलो. लोक विचारत, ओरखडा कसा पडला? साहेब म्हणत, “सुई घसरली.” आणि मी हॉटेलात सगळ्यांना सांगायचो की साहेबच भ्याले, साहेबांनीच उचलली. लोकांना पटायचं. भित्रे म्हणून प्रसिद्धच होते ते.

मग विद्यापीठाला नाव लागलं. त्या दिवशी साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हातारे झाले होते, कान तेवढे तसेच. रिकार्ड लावली. मी उठायला लागलो तर म्हणाले, “बस.” अडकली. “माझं नाव— माझं नाव—” मी पुटपुटलो काहीतरी. साहेब उठले, भिंतीला धरत खिडकीपर्यंत गेले, आणि खिडकीची दोन्ही दारं उघडली. बाहेर गल्ली, माणसं, गुलाल.

“आता म्हण.”

माझा आवाज फुटला नाही. खिडकीतून कोण ऐकेल, ह्याचीच भीती. गुलालातही! साहेबांनी वाट बघितली. चावी संपेपर्यंत बघितली. मग नुसते म्हणाले, “असू दे. तो इचारत ऱ्हाईल.”

साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. कणग्या वहिनींनी मला दिल्या. आज दुपारी ती रिकार्ड लावलीय, आणि ती माझ्या शेजारी विचारतेय.

माझ्या बोलण्यातलं निम्मं कापा. माणसं कापा, साप कापा, कान थोडे लहान करा. पण सुई उचलणारा हात माझा होता, हे कापू नका. आणि पुढचं तर मुळीच नाही.

केरबाजी लिंबाजी. मुक्काम पेडगाव. जलसा पार्टी. जय भीम.

खिडकी उघडी आहे.